जोडगाडी आणि तिचे सारथ्य

महोत्सवी स्मरणिकेत मालमोटारींचा विषय कशाला, असे कुणी विचारील. परंतु आपल्या सभासदांपैकी कित्येकांच्या घरचा कर्ता पुरुष चालकाच्या जागेवर बसतो, आणि आपली मुले त्याच रस्त्याने शाळेला जातात. पत्रादेवीहून मालपे, धारगळ करीत कोलवाळच्या पुलाकडे जाणाऱ्या महामार्गावर या दोघांची रोज गाठ पडते. म्हणून हा प्रपंच.

एका इंजिनामागे दोन गाड्या जोडणे आपल्याकडे नवे नाही. कोल्हापूर-बेळगावकडे गळिताचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरामागे दोन दोन ट्रॉल्या उसाने लादून निघतात. २०२० साली केंद्र सरकारने ठरावीक मार्गांवर २५.२५ मीटर लांबीच्या जोडगाड्यांना मुभा दिली. त्याप्रमाणे २०२५ साली नागपूर-भिवंडी मार्गासाठी २४ फुटी व ४४ फुटी असे दोन डबे ओढणारी मालमोटार आली. ऑस्ट्रेलियात तर ५३.५ मीटरपर्यंत लांबीच्या गाड्या धावतात.

या गाडीचा स्वभाव कसा? मुले हातांत हात गुंफून साखळीने पळतात तेव्हा पुढचा किंचित वळला तरी शेपटीचा मुलगा बाहेर फेकला जातो. नेमके तेच येथे घडते. चालकाने चाक एकाएकी फिरविले की तो हिसका मागे जाताना वाढतो आणि शेवटची ट्रॉली कलंडते. ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तर मागचे वजन पुढच्यावर चाल करून येते व गाडी अडकित्त्यासारखी दुमडते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते, हे गणितही विसरू नये.

तेव्हा चालकबंधूंनी निघण्यापूर्वी जोडाची खीळ, तिची कडी व सुरक्षा-साखळी हाताने चाचपून पाहावी. जड माल पुढच्या गाडीत, हलका मागच्या गाडीत असावा. मागचे दिवे व चमकपट्ट्या रोज पुसाव्यात. रात्री बंद पडलेली अंधारी ट्रॉली म्हणजे रस्त्यातली भिंतच. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा आत्मघात होय. सारा भार ब्रेकवर पडतो, ते तापतात व ऐनवेळी लागत नाहीत. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असता मागे घेण्याचा हट्टही धरू नये. सोडवून एकेक घ्यावी.

आता आपण इतरांनी काय करावे? दोन वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याने वळणाऱ्या ट्रेलरच्या डावीकडे मोकळी जागा पाहिली आणि सायकल आत घातली. लांब गाडी डावीकडे वळताना आधी उजवीकडे सरते, म्हणून ती जागा दिसते. मग मागची चाके आतल्या बाजूने येऊन तीच जागा गिळतात. चालकाचे आरशात लक्ष होते म्हणून मुलगा वाचला. सायकल मात्र चेपली. त्या दिवशी आम्ही वर्गात भूमितीचा धडा बाजूला ठेवून फळ्यावर हेच वळण काढून दाखविले.

पालकांनीही मुलांना एवढे सांगावे : ज्या गाडीचे आरसे आपल्याला दिसत नाहीत, तिच्या चालकाला आपणही दिसत नाही. आणि घरातला चालक उशिरा पोहोचला तर त्याला बोल लावू नये. तो सुखरूप आला, हे पुष्कळ झाले.