सिंथेटिक ऑइल आणि अडीचशे तासांचा हिशेब
(ट्रॅक्टरचे इंजिन : लेखांक ५)

इंजिनमधले ऑइल दोन तऱ्हांनी निकामी होते. उष्णतेने ते स्वतः बिघडते आणि धूळ, काजळी, डिझेल मिसळून ते घाण होते. सिंथेटिक ऑइल हा पहिल्या दुखण्यावरचा इलाज आहे. दुसऱ्यावर त्याचा उपयोग जवळजवळ नाही, आणि बारामती तालुक्यातल्या पणदऱ्याच्या आसपास उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे दुखणे बहुधा दुसरेच असते.

कच्च्या तेलापासून केलेल्या साध्या, म्हणजे मिनरल ऑइलमध्ये लहानमोठे रेणू एकत्र असतात. त्यांतले हलके रेणू तापून उडून जातात, कच्चे रेणू हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून चिकट गाळ बनतात. तापमान दहा अंशांनी वाढले की हा संयोग ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतो. सिंथेटिक ऑइलचे रेणू एकसारखे असल्याने ते हा ताप अधिक काळ सोसते. मूळ तेलांचे पाच गट मानले जातात. पहिले तीन कच्च्या तेलापासून शुद्ध केलेले, चौथा रासायनिक पद्धतीने जोडून बनवलेल्या पॉलिअल्फाओलेफिनचा, तर एस्टरसारखी उरलेली तेले पाचव्या गटात. मूळ अर्थाने सिंथेटिक म्हणजे चौथा आणि पाचवा गट. पण 1999 मध्ये मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यातल्या वादात अमेरिकेतल्या जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने तिसऱ्या गटातील तेलालाही सिंथेटिक म्हणण्यास हरकत नसल्याचा निर्णय दिला, आणि बाजारात तोच अर्थ रूढ झाला. त्यामुळे डब्यावर ‘फुल्ली सिंथेटिक’ असले तरी आत कोणत्या गटाचे तेल आहे, हे त्या शब्दांवरून कळत नाही. ‘सेमी-सिंथेटिक’ तर त्याहून सैल शब्द. सिंथेटिकचे प्रमाण किती हवे, याचे ठरलेले माप नाही.

डब्यावरचे आकडे मात्र नेमके असतात. 15डब्ल्यू-40 मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. 15डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे 20 अंशांवर होते, 5डब्ल्यूची उणे 30 वर. बारामती तालुक्यात डिसेंबरच्या पहाटे कितीही हुडहुडी भरली, तरी पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. तेव्हा 5डब्ल्यूच्या त्या गुणासाठी जादा पैसे मोजणे म्हणजे पणदऱ्यात बर्फावरचे बूट घेणे. मागचा 40 हा आकडा खरा कामाचा. 100 अंश तापमानाला ऑइलचा दाटपणा 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असावा, असा त्याचा अर्थ. तो 15डब्ल्यू-40 आणि 5डब्ल्यू-40 या दोहोंना सारखाच लागू आहे.

‘सिंथेटिक’ या शब्दापेक्षा डब्यावरची एपीआय दर्जाची अक्षरे अधिक बोलतात. डिझेल इंजिनांसाठी सीएफ-4 हा 1990 च्या सुमाराचा दर्जा, सीआय-4 हा 2002 चा आणि सीके-4 हा 2016 च्या अखेरीचा. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जो दर्जा दिलेला असेल तो किंवा त्याच्या वरचा दर्जा चालतो, खालचा चालत नाही. सुट्ट्या ड्रममधून मापाने मिळणाऱ्या ऑइलला कोणताही दर्जा लिहिलेला नसतो, म्हणून ते स्वस्त असूनही महाग पडते.

आता हंगामाचा हिशेब. माळेगाव, सोमेश्वर आणि इंदापूर तालुक्यातल्या भवानीनगरचा छत्रपती या तिन्ही कारखान्यांची धुराडी पेटली, की फड ते गव्हाण अशा खेपा सुरू होतात. ट्रॅक्टरचे इंजिन दिवसाला बारा तास चालले, तर ऑइल बदलण्याच्या मुदतीचे अडीचशे तास एकविसाव्या दिवशी भरतात; 120 दिवसांच्या गाळपात 1440 तास, म्हणजे पाच-सहा वेळा ऑइल बदली. चेंबरमध्ये सात-आठ लिटर ऑइल बसते, असे धरले तर चाळीसएक लिटर. पाचशे तासांना बदलले तर हा खर्च निम्मा होईल, हा वाहतूकदाराचा विचार चुकीचा नाही. चुकते ते तासांचे मोजमाप.

जुन्या ट्रॅक्टरचा तासमीटर घड्याळाप्रमाणे चालत नाही. तो इंजिनच्या फेऱ्या मोजतो आणि ठरावीक गतीला एक तास धरतो. समजा ती गती मिनिटाला 1500 फेऱ्यांची आहे. कारखान्याच्या वजनकाट्यासमोरच्या रांगेत ट्रॅक्टर 700 फेऱ्यांवर तासभर नुसता धडधडत उभा राहिला, तर मीटरवर 28 मिनिटेच चढतात. ऑइलने मात्र पूर्ण तास भोगलेला असतो, आणि तोही वाईट तास. रिकाम्या गतीला इंजिन पुरेसे तापत नाही, डिझेल अर्धवट जळते, काजळी ऑइलमध्ये उतरते आणि न जळलेले डिझेल रिंगांवरून ओघळून चेंबरमध्ये जाते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर आनंद मानू नये. ते डिझेल असण्याची शक्यता मोठी.

ऑइल काळे पडणे हे मात्र बिघाडाचे लक्षण नव्हे. काजळी धरून ठेवणे हे ऑइलमधल्या रसायनांचे कामच आहे, त्यामुळे डिझेल इंजिनातले ताजे ऑइलही काही तासांत काळे होते. दुधाळ झाले, तर पाणी शिरले आहे असे समजावे.

सर्वांत वाईट शत्रू फडातल्या वाटेची धूळ. मातीतला सिलिका सिलिंडर आणि रिंगा कानशीसारखा घासतो. ऑइल सिंथेटिक असो की साधे, त्याला फरक पडत नाही. एअर क्लीनरच्या भांड्यातले तेल गाळाने भरले असेल किंवा होजची क्लिप ढिली असेल, तर महागडे ऑइल पंधरा दिवसांतच खरकागदाचे काम करू लागते.

मुदत वाढवण्याच्या बाजूनेही एक भक्कम मुद्दा आहे. डिझेलमधल्या गंधकापासून आम्ल बनते आणि ते मारण्यासाठी ऑइलमध्ये अल्कली घातलेली असते. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल आले, गंधक दहा लाखांत 50 भागांवरून 10 वर आले, आणि अल्कली पूर्वीपेक्षा सावकाश खर्च होऊ लागली. म्हणून जुन्या काळच्या छोट्या मुदती आज डोळे झाकून पाळण्याची गरज नाही. पण किती वाढवायची, हे अंदाजाने ठरत नाही. गरम इंजिनातले शंभरेक मिलिलिटर ऑइल स्वच्छ बाटलीत घेऊन तपासणीला दिले की दाटपणा, उरलेली अल्कली, काजळी, लोखंड आणि सिलिकॉन यांचे आकडे मिळतात. अडीचशेव्या तासाला आकडे चांगले आले तर तीनशेला पुन्हा तपासावे. सिलिकॉन आणि लोखंड दोन्ही वाढलेले दिसले तर ऑइलच्या आधी एअर क्लीनर पाहावा. एका ट्रॅक्टरसाठी ही तपासणी परवडणार नाही, पाच-सहा गाड्या चालवणाऱ्या वाहतूकदाराला परवडेल. हमीच्या काळात मात्र पुस्तिकेतली मुदत ओलांडू नये, आणि ऑइलसोबत फिल्टर बदलण्यात काटकसर करू नये.

मोटारसायकलचे गणित वेगळे आहे. बहुतेक गाड्यांत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे कारचे निसरडे सिंथेटिक ऑइल घातल्यास क्लच सरकतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 हा दर्जा पाहूनच घ्यावे. फिल्टरमध्ये काजळी अडवणाऱ्या बीएस-6 डिझेल कारला कमी राख सोडणारे ऑइलच लागते. तिथे ट्रॅक्टरचे उरलेले ऑइल घालणे म्हणजे तो महागडा फिल्टर बुजवणे.

काढलेले काळे ऑइल वाळवीसाठी चौकटींना फासण्याची किंवा चारीच्या कडेला ओतण्याची सवय अजून आहे. 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते, आणि 1 एप्रिल 2024 पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करून घेण्याची जबाबदारी ऑइल उत्पादकांवर आली आहे. तेव्हा ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवून परवानाधारक संकलकालाच द्यावे. चारीतले पाणी उसालाही जाते आणि विहिरीतही झिरपते.