पैकीच्या पैकी गुणांनंतर काय?

पाचवीतल्या मुलीला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळाले, सहावीतही तेवढेच. मग वर्षभरात तिची प्रगती किती झाली? गुणपत्रिकेवरून ते कळत नाही, कारण दोन्ही पेपर तिला अपुरे पडले.

बीड जिल्ह्यात हुशार मुलं हेरणारी एक मोठी परीक्षा म्हणजे नवोदय. गेवराई तालुक्यातल्या गढीच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळावा म्हणून पाचवीची मुलं ती देतात. दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण. त्यांतले 50 मानसिक क्षमतेचे. निवडीसाठी ही परीक्षा चांगली, पण ती एकदाच देता येते. प्रगती मोजायला किमान दोन नोंदी लागतात.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या ज्युलियन स्टॅनली यांनी 1971 मध्ये पेपर अपुरा पडण्याच्या अडचणीवर काम सुरू केलं. गणितात तल्लख असलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्यांनी कॉलेज प्रवेशाची सॅट परीक्षा द्यायला लावली. शाळेच्या पेपरात सारखीच अव्वल दिसणारी मुलं इथं एकमेकांपासून दूरदूर विखुरली.

हे तत्त्व आपल्या शाळेतही वापरता येतं. पाचवीच्या मुलांना वरच्या इयत्तेतलं हे गणित घाला: 12 कोयते उसाचा एक फड 6 दिवसांत तोडतात, तर 8 कोयते किती दिवसांत तोडतील? उत्तर 4 आलं, तर मुलानं सरळ प्रमाण लावलं. 12 गुणिले 6 म्हणजे 72, त्याला 8 नं भागून 9 दिवस, असं न शिकवता मांडलं, तर मूल पुस्तकाच्या पुढं गेलंय. वहीतल्या पायऱ्या नुसत्या गुणांपेक्षा जास्त सांगतात.

मोजताना एक भान हवं. सर्वांत वरच्या गुणांत थोडा वाटा योगायोगाचाही असतो, त्यामुळं पुढच्या चाचणीत ते जरासे उतरणं स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून मूल मागं पडलं म्हणू नये.

बीडमध्ये आणखी एक गोष्ट मोजायला हवी. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेलं मूल उन्हाळ्याच्या तोंडाशी परततं. त्याची शाळा कित्येक महिने बुडालेली असते. त्याचे 60 गुण आणि वर्षभर वर्गात बसलेल्या मुलाचे 60 गुण सारखे कसे मानायचे? परतल्यावर एक चाचणी, तीन महिन्यांनी दुसरी, आणि मधली वाढ पाहायची. ज्याची वाढ सर्वांत जास्त, ते मूल कदाचित वर्गातलं सर्वांत तल्लख असेल, आणि गुणांच्या यादीत त्याचं नाव कुठंतरी मधेच असेल.