जुन्या गाडीची कुरकुर: आधी आवाज ओळखा, मग पाना उचला



१९२३ च्या कांतो भूकंपात ट्रामची वाताहत झाली, तेव्हा टोकियो शहराने फोर्ड मॉडेल टी च्या सांगाड्यांवर बसगाड्या बांधून १९२४ मध्ये रस्त्यावर आणल्या. १९२५ मध्ये फोर्डने योकोहामात गाड्यांची जुळणी सुरू केली. त्या काळातल्या गाड्या आजही नागाकुतेच्या टोयोटा संग्रहालयात पाहायला मिळतात. जुन्या गाड्यांची हौस असलेल्यांना नेहमीचा प्रश्न पडतो: इंजिनाचा कोणता आवाज साधा आणि कोणता धोक्याचा?

इथे आपली मराठी कामाला येते. टकटक, ठकठक असे शब्द जपानीतही भरपूर आहेत आणि इथले मेकॅनिक ते सर्रास वापरतात.

१. टकटक (काचिकाचि): हलका आवाज, क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने, कारण प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. इंजिन हळू चालू ठेवून व्हॉल्व्हच्या फटीत फीलर गेजची पट्टी सरकवा. जिथे आवाज थांबेल तिथे फट वाढली आहे. ती ठरलेल्या मापाची करा, पण पूर्ण बुजवू नका, नाहीतर व्हॉल्व्ह नीट न बसल्याने जळतो.

२. कडकड (कारिकारि): चढावर, इंजिनावर जोर पडला की येते. ठिणगी फार लवकर पडते आहे. स्टिअरिंगजवळच्या डाव्या दांडीने ती उशिरा करा. आवाज गेला तर निदानही झाले आणि उपायही. तरीही राहिला तर आत साचलेली काजळी काढा. पेट्रोलला दोष देऊ नका. जपानमधले साधे पेट्रोल किमान ८९ ऑक्टेनचे असते आणि मॉडेल टी चे कॉम्प्रेशन जेमतेम ४:१ च्या आसपास.

३. थपथप: थंड इंजिनात येते, तापल्यावर कमी होते. प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडा. आवाज काही वेळ थांबला तर पिस्टन सैल आहे. तापल्यावर जात असेल तर घाई नाही.

४. ठकठक (कोन्कोन्): हा धोक्याचा. जड आवाज, ॲक्सिलरेटर सोडताना जास्त स्पष्ट. एकेका सिलिंडरची ठिणगी बंद करून पाहा. मॉडेल टी मध्ये कॉइलच्या पेटीतली थरथरणारी पट्टी लाकडी काडीने दाबली की झाले. ज्या सिलिंडरला आवाज घटेल, त्याच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले आहे. झीज थोडी असेल तर टोपीखालची पातळ पत्री काढून किंवा टोपी घासून सैलपणा जातो. बेअरिंगच्या मऊ धातूला तडे गेले असतील तर तो नव्याने ओतावा लागतो. तोवर गाडी चालवू नका. रॉड तुटला तर इंजिनाचा ब्लॉकच फुटतो, आणि तो शंभर वर्षांपूर्वीचा असतो.

मेकॅनिककडे जाताना चार गोष्टी लिहून न्या: इंजिन थंड की गरम, चढ की उतार, आवाजाची गती, आणि कोणत्या सिलिंडरला तो बदलतो. जपानी शब्द चुकला तरी चालेल. सरळ तोंडाने आवाज काढून दाखवा, काम होते!