सौद्याआधीची मर्यादा

लासलगावच्या कांदा लिलावात अनुभवी व्यापारी बोलीची वरची मर्यादा ट्रॅक्टरजवळ पोहोचण्यापूर्वीच मनाशी ठरवतो. परिग्रह-परिमाण व्रत घेणारा श्रावकही संपत्ती हाती येण्याआधीच सीमा बांधतो. नाशिकच्या व्यापारी घरांतील तरुण पिढी आता शेअरचे इंट्राडे सौदे संगणकाच्या आज्ञावलीवर, म्हणजे अल्गोवर, सोपवू लागली आहे. यंत्राला लोभ नसतो, भयही नसते. परंतु स्टॉपलॉस आणि टार्गेट यांचे आकडे त्याला माणसानेच द्यावयाचे असतात.

बहुतेकांची चूक येथेच होते. ‘मला शेअरमागे तीन रुपये तोटा सोसेल’ म्हणून स्टॉपलॉस तीन रुपयांवर ठेवला जातो. बाजाराला आपल्या सोसण्याशी कर्तव्य नसते. समजा, हजार रुपयांचा एक शेअर दर पंधरा मिनिटांत सरासरी सहा रुपये वरखाली होतो. तेथे तीन रुपयांचा स्टॉपलॉस नेहमीच्या हेलकाव्यातच कापला जाईल. तो दीडपट, म्हणजे नऊ रुपयांवर ठेवावा. भांडवल पाच लाख आणि एका सौद्यातील जोखीम अर्धा टक्का धरल्यास २,५०० रुपयांना नवाने भागून २७७ शेअर येतात. संख्या शेवटी ठरते, आधी नव्हे.

टार्गेट अठरा रुपये ठेवले आणि दलाली, कर वगैरेंपोटी शेअरमागे अर्धा रुपया धरला, तर यशात साडेसतरा मिळतात, अपयशात साडेनऊ जातात. शंभरांतील सुमारे ३५ सौदे साधले तरी मुद्दल सुटते. याउलट टार्गेट तीन रुपयांवर आणले, तर केवळ बरोबरीसाठी सुमारे ७९ सौदे साधावे लागतात. रोज थोडा नफा दिसत राहतो, म्हणून हा दुसरा मार्ग अनेकांना सुरक्षित वाटतो! अर्थात, टार्गेट जितके दूर तितके ते गाठले जाण्याची शक्यता कमी, हेही विसरता येत नाही.

मागील वर्षाच्या आकडेवारीतून सर्वाधिक फायद्याची जोडी शोधून ती यंत्रात भरणे म्हणजे गेल्या हंगामाच्या भावावर यंदाची चाळ भरणे होय. दीडपटीऐवजी १.४ किंवा १.६ पट घेताच नफा नाहीसा होत असेल, तर तो योगायोग समजावा.

स्टॉपलॉस म्हणजे हमीही नव्हे. मुंबई शेअर बाजाराने ९ ऑक्टोबर २०२३ पासून ‘स्टॉपलॉस मार्केट’ ऑर्डर बंद केल्या. लिमिट ऑर्डरमध्ये भाव आपल्या मर्यादेपलीकडे उडी मारून गेला, तर ऑर्डर तशीच पडून राहते आणि सौदा उघडा राहतो. ४ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या निकालादिवशी, निफ्टी जवळपास सहा टक्के कोसळला. अशा दिवसासाठी आज्ञावलीत आणखी एक ओळ हवी: दिवसाचा एकूण तोटा ठरलेल्या रकमेला पोहोचताच यंत्र बंद.

सेबीच्या जुलै २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर दहांपैकी सात व्यक्ती तोट्यात गेल्या. वर्षाला पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के होते. अल्गो ही संख्या सहज ओलांडतो.

एकत्र कुटुंबांनी आणखी एक बाब पाहावी. सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार स्वतः तयार केलेला नोंदणीकृत अल्गो स्वतःसह पती किंवा पत्नी, अवलंबित मुले आणि अवलंबित आईवडील यांच्यासाठीच वापरता येतो. काका-पुतण्यांची खाती त्यात बसत नाहीत.