गुणाकाराची उसनवारी

एसक्यूएल सर्व्हर 2025मध्ये रकान्यातल्या आकड्यांचा गुणाकार करणारे 'प्रॉडक्ट' आले आणि कौतुक सुरू झाले. कौतुक कसले? 1974 साली चेंबर्लिन आणि बॉइस यांनी आयबीएममध्ये एसक्यूएल या भाषेची मांडणी केली तेव्हाच बेरजेला 'सम' होते. गुणाकारासाठी पाट मांडायला पन्नास वर्षे लागली. ऐंशी-नव्वदची दशके मी सोडून देतो. खरी गंमत 2000 नंतरच्या दशकातली. भाषेच्या 2003च्या प्रमाणकात एक्स्प (घातांक), एलएन (नैसर्गिक लॉगॅरिदम), पॉवर अधिकृतपणे आले, गुणाकाराचे समूह-फंक्शन मात्र नाही. महिन्यामहिन्याच्या परताव्यांवरून वर्षाची वाढ काढायची तर प्रत्येक गुणकाचा एलएन घ्या, त्यांची बेरीज करा आणि बेरजेवर एक्स्प लावा, ही युक्ती तेव्हा रूढ होती. नेपियरने 1614 साली लॉगॅरिदम मांडले ते माणसाचे गुणाकाराचे कष्ट वाचवायला; आपण ते क्षणात गुणणाऱ्या यंत्राच्या गळ्यात बांधले.

युक्ती देखणी होती, हे मान्य. घातांक म्हणजे काय, हे तिच्यामुळे अनेकांना कळले आणि आता ती विसरली जाईल याची हळहळही वाटते. पण ती चुका झाकायची. 2, 0 आणि 5 यांचा गुणाकार शून्य. मायएसक्यूएलमध्ये शून्याचा एलएन 'नल', म्हणजे मूल्यच नाही, असा येतो, 'सम' नल वगळतो आणि उत्तर येते 10 च्या घरात. म्हणजे एका महिन्यात सगळे भांडवल बुडाले तरी अहवालात नफाच! शून्य विरळाच येते, असे कुणी म्हणेल. पण विरळा येते म्हणूनच चाचणीत सापडत नाही. गुणाकार प्रोग्रामात करा, डेटाबेसला कशाला वेठीला धरता, हा दुसरा आक्षेप. मग बेरीजही तिकडेच करावी. एका आकड्यासाठी लाखो ओळी बाहेर ओढण्यात शहाणपण नाही. स्वतःचे समूह-फंक्शन लिहिण्याची सोय होती, हे खरे. पोस्टग्रेसमध्ये तर ते एका ओळीचे काम. पण इतरत्र त्यासाठी वेगळा कोड आणि डेटाबेस प्रशासकाची परवानगी लागे, आणि ती मागण्यापेक्षा एक्स्प लिहून मोकळे होणे सोपे.

एसक्यूएल सर्व्हर निदान शून्याचा लॉग मागितला की एरर देई. ती नको म्हणून लोकांनी रकान्याला शून्याचा नल करणारे 'नलइफ' गुंडाळले, म्हणजे पुन्हा शून्य गायब. त्या जुन्या क्वेरीतला एक्स्प काढून नवे 'प्रॉडक्ट' बसवताना 'नलइफ' तसेच राहिले, तर तेही नल वगळून 10च सांगेल.