प्लास्टिकमध्ये मुद्दाम बुडबुडे का सोडतात? मायक्रोसेल्युलर मोल्डिंग समजून घेऊया

मोबाईलचा टॉर्च लावा आणि घरातल्या एखाद्या चकचकीत प्लास्टिकच्या वस्तूवर तिरपा मारा. मिक्सरची बॉडी, टीव्हीचा रिमोट, काहीही चालेल. आतल्या बाजूला जिथे स्क्रूचा खांब किंवा आधाराची पट्टी असते, तिथे बाहेरून हलकासा खळगा दिसू शकतो. याला 'सिंक मार्क' म्हणतात. अहिल्यानगरच्या नागापूर किंवा सुपा एमआयडीसीत मोल्डिंग मशीनवर काम करणारं कुणी ओळखीचं असेल, तर विचारून बघा. हा शब्द त्यांच्या डोक्याला ताप देणारा आहे!

खळगा पडतो कसा?

इंजेक्शन मोल्डिंगमध्ये प्लास्टिकचा दाणा गरम बॅरलमध्ये वितळतो आणि स्क्रू तो रस जोरात मोल्डमध्ये ढकलतो. थंड होताना प्लास्टिक आकसतं. जाड जागा आतून उशिरा थंड होते आणि वरचा पृष्ठभाग आत ओढून घेते. हे टाळायला मोल्ड भरल्यावरही मशीन काही सेकंद दाब धरून ठेवतं. पण रस आत जायची वाट गोठली, की बाहेरचा दाब आत पोचतच नाही.

मग दाब आतूनच मिळाला तर? इथे बुडबुडे कामाला येतात.

गोटी सोड्याची युक्ती

गोटी सोड्याच्या बाटलीत गॅस पाण्यात विरघळलेला असतो. बाटली बंद असताना तो दिसत नाही. गोटी दाबली, दाब उतरला, की बुडबुडेच बुडबुडे.

मायक्रोसेल्युलर मोल्डिंगमध्ये हेच वितळलेल्या प्लास्टिकबरोबर करतात. बॅरलमध्ये बहुतेक वेळा नायट्रोजन सोडतात, तोही वजनाने साधारण 1 टक्क्याहून कमी. हा नायट्रोजन 'सुपरक्रिटिकल' अवस्थेत असतो, म्हणजे धड वायू नाही, धड द्रव नाही. त्यासाठी तापमान उणे 147 अंश सेल्सिअसच्या वर आणि दाब सुमारे 34 बारच्या वर लागतो. तापमानाची अट आपल्या खोलीतसुद्धा पूर्ण होते, खरी मेहनत दाबाची. बाईकच्या टायरमध्ये साधारण 2 बार हवा असते, यावरून अंदाज घ्या.

स्क्रू फिरत राहतो आणि नायट्रोजन रसात पूर्ण विरघळतो. मग रस मोल्डमध्ये शिरतो आणि दाब क्षणात कोसळतो. एकाच वेळी असंख्य ठिकाणी बुडबुडे जन्मतात. गॅस सगळ्यांत वाटला गेल्यामुळे एकही फार मोठा होत नाही, आणि तेवढ्यात प्लास्टिक गोठतं. दाब हळूहळू उतरला असता, तर मोजकेच बुडबुडे तयार होऊन तेच फुगले असते. म्हणून सगळा खेळ वेगाचा आहे.

या बुडबुड्यांचा आकार साधारण 5 ते 100 मायक्रॉन. आपला केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. मोल्ड पूर्ण न भरता थोडा रिकामा ठेवतात, उरलेली जागा हे बुडबुडेच भरतात. शिवाय ते आतून बाहेर ढकलतात, म्हणून खळगा पडत नाही.

कल्पना कुणाची?

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये प्रा. नाम सू आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही कल्पना मांडली. ताकद फारशी न गमावता प्लास्टिक वाचवायचं, हा उद्देश होता. पुढे ट्रेक्सेल कंपनीने ती 'म्युसेल' नावाने कारखान्यांपर्यंत आणली.

फायदा किती, तोटा काय?

समजा, 100 ग्रॅमचा पार्ट आहे आणि दिवसाला 10,000 पीस निघतात. वजन 8 टक्के घटलं तर रोज 80 किलो दाणा वाचतो. दाब धरून ठेवायचा वेळ जवळपास संपतो, त्यामुळे सायकल टाईम कमी होतो. मोल्ड बंद ठेवायला ताकदही कमी लागते, म्हणजे लहान टनेजचं मशीन पुरू शकतं. पार्ट वाकडा होण्याचं प्रमाणही घटतं. म्हणूनच गाड्यांचे डॅशबोर्डचे आतले भाग आणि एसीच्या हवेची घरं यासाठी ही पद्धत वापरतात. इलेक्ट्रिक गाडीत तर वाचलेला प्रत्येक किलो रेंजच्या कामी येतो.

पण फुकट काहीच नाही. प्लास्टिक कमी झालं की ताकदही थोडी घटते. पुढे सरकणाऱ्या रसाच्या तोंडाशी बुडबुडे फुटतात आणि पृष्ठभागावर चंदेरी रेघोट्या उमटतात. बुडबुडे प्रकाश विखुरतात, म्हणून पारदर्शक वस्तू दुधाळ होते. तुमचं पारदर्शक मोबाईल कव्हर या पद्धतीने बनणार नाही! शिवाय गॅसची यंत्रणा, वेगळा स्क्रू आणि दाब न सोडणारा नोझल, हा खर्च आहेच.

त्यामुळे उद्या एमआयडीसीत नोकरीला लागलात किंवा स्वतःचं छोटं मोल्डिंग युनिट टाकलंत आणि कुणी ही यंत्रणा विकायला आलं, तर आधी तीन गोष्टी विचारा: पार्ट दर्शनी आहे की आतला? त्यावर भार किती येणार? आणि पीस किती काढायचे आहेत? आतला पार्ट, झेपेल इतका भार आणि पिसांची संख्या मोठी असेल, तर हा बुडबुड्यांचा हिशोब तुमच्या बाजूने बसतो.