वाक्यातील खुणा आणि क्रियापदाची निवड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मराठी वाक्यात कर्ता आणि कर्म सहसा आधी येतात आणि क्रियापद शेवटी येते. त्यामुळे क्रियापदापर्यंत पोहोचेपर्यंत ते कोणते असावे आणि कोणत्या रूपात असावे, याच्या बहुतेक खुणा वाचकाच्या हाती आलेल्या असतात. वाक्यातील नामे, त्यांना लागलेले विभक्तीचे प्रत्यय, काळ सुचवणारे शब्द आणि मागचेपुढचे वाक्य या सर्वांना मिळून संदर्भ म्हणतात. प्राचीन भारतीय भाषाचिंतनातही वाक्याचा अर्थ लागण्यासाठी तीन अटी मानल्या गेल्या: एका शब्दाला दुसऱ्याची अपेक्षा असणे म्हणजे आकांक्षा, शब्दांच्या अर्थांचा एकमेकांशी मेळ बसणे म्हणजे योग्यता, आणि ते शब्द एकमेकांजवळ असणे म्हणजे सन्निधी. 'तो विस्तवाने झाडे शिंपतो' हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही खटकते, कारण विस्तव आणि शिंपणे यांच्यात योग्यता नाही. असे असूनही क्रियापदाच्या निवडीविषयी काही समजुती शालेय अभ्यासात आणि रोजच्या लेखनात पक्क्या होऊन बसल्या आहेत.

गैरसमज १ : समान अर्थाची क्रियापदे एकमेकांच्या जागी चालतात.

वस्तुस्थिती अशी की मराठीत क्रियापद बहुधा आपल्या कर्माशी बांधलेले असते, आणि काही शब्द काही शब्दांच्याच सोबतीने येण्याच्या या प्रवृत्तीला साहचर्य म्हणतात. अंगावर वस्त्र किंवा अलंकार धारण करणे ही कृती एकच वाटली, तरी साडी आणि धोतर नेसतात, सदरा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, गजरा माळतात आणि कुंकू लावतात. नेसणे या क्रियापदात वस्त्र कमरेभोवती गुंडाळून बसवण्याची कृती सामावलेली आहे, म्हणून 'साडी घातली' असे म्हटले की ती कृती वाक्यातून निघून जाते. निऱ्या शिवून तयार मिळणाऱ्या साडीच्या बाबतीत मात्र 'घातली' हेच क्रियापद अधिक खरे ठरेल.

स्वयंपाकघरात हेच साहचर्य उपकरणाशी जुळलेले दिसते. विळीवर भाजी चिरतात, किसणीवर गाजर किसतात, खवणीवर नारळ खवतात, पाट्यावर चटणी वाटतात, खलबत्त्यात मसाला कुटतात आणि जात्यावर धान्य दळतात. पाट्याची जागा मिक्सरने घेतली तरी ओले खोबरे आजही 'वाटले'च जाते, कारण ओला पदार्थ बारीक करण्याची कृती त्या क्रियापदाला चिकटून राहिली आहे. शेतातही ऊस तोडतात, कापूस वेचतात, भात कापतात, भुईमूग उपटतात आणि मेथी खुडतात. या सर्वांचा ढोबळ अर्थ पीक हाती घेणे असा असला, तरी 'शेतकऱ्याने कापूस...' एवढे वाचताच 'तोडला' किंवा 'कापला' ही क्रियापदे मराठी माणसाच्या मनात येत नाहीत.

गैरसमज २ : नाम कळले की त्याच्यासोबतचे क्रियापद ठरते.

साहचर्य महत्त्वाचे असले तरी ते एकटे पुरेसे नसते, कारण एकाच नामाबरोबर वेगवेगळी क्रियापदे येतात आणि त्यांतील कोणते निवडायचे हे कर्त्याच्या भूमिकेवरून ठरते. विद्यार्थी परीक्षा देतो आणि विद्यापीठ परीक्षा घेते. म्हणून इंग्रजी माध्यमातील मूल 'मी परीक्षा घेतली' असे म्हणते तेव्हा वाक्याच्या रूपात दोष नसतो, भूमिका मात्र उलटी झालेली असते. कर्जाचे तसेच आहे: बँक कर्ज देते, ग्राहक ते घेतो किंवा काढतो, आणि पुढे फेडतो.

कधी कधी ही भूमिका केवळ एका प्रत्ययावरून कळते. 'वारकऱ्याने विठ्ठलाचे दर्शन...' येथे पुढचे क्रियापद 'घेतले' असे येते, 'वारकऱ्याला विठ्ठलाचे दर्शन...' येथे 'झाले' असे येते, आणि 'विठ्ठलाने वारकऱ्याला दर्शन...' असे असेल तर 'दिले' हेच बसते. तिन्ही वाक्यांत भक्त, देव आणि दर्शन तेच आहेत. 'ने' आणि 'ला' या प्रत्ययांच्या जागा बदलल्याबरोबर क्रियापद बदलले आहे.

गैरसमज ३ : क्रियापद नेहमी कर्त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे चालते.

कर्ता, कर्म आणि क्रियापद यांच्यातील संबंधाला मराठी व्याकरणात प्रयोग म्हणतात. 'मुलगी आंबा खाते' यात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते, म्हणून तो कर्तरी प्रयोग होय. 'मुलीने आंबा खाल्ला' यात ते कर्माप्रमाणे चालते, म्हणून तो कर्मणी प्रयोग होय. आणि 'शिपायाने चोरांना पकडले' यात ते कोणाप्रमाणेच न बदलता नपुंसकलिंगी एकवचनात राहते, म्हणून तो भावे प्रयोग होय. यातली खूण पुन्हा प्रत्ययातच असते. 'शिपायाने चोर पकडला' या वाक्यात कर्माला प्रत्यय नाही, म्हणून क्रियापद पुल्लिंगी झाले. 'चोराला' म्हटले की ते 'पकडले' होते.

यावरून काही जण असा उलट नियम करतात की भूतकाळात कर्म असले की कर्त्याला 'ने' लागतोच. तोही खरा नाही, कारण शिकणे, विसरणे, बोलणे अशी काही क्रियापदे भूतकाळातही कर्तरी प्रयोगात राहतात. 'मुलीने डबा आणला' आणि 'मुलगी डबा विसरली' ही दोन वाक्ये शेजारी ठेवली तर कर्ता आणि कर्म तेच असताना एकात क्रियापद डब्याप्रमाणे आणि दुसऱ्यात मुलीप्रमाणे चाललेले दिसते. शिवाय 'मी' या सर्वनामाला 'ने' हा प्रत्यय दिसत नसल्यामुळे 'मी पोळी खाल्ली' हे वाक्य पुरुषाचे की स्त्रीचे हे त्यातून कळत नाही. तेथील स्त्रीलिंग पोळीचे आहे. प्रमाण मराठीत 'मी घरी गेलो' आणि 'मी घरी गेले' या वाक्यांत मात्र बोलणाऱ्याचे लिंग स्पष्ट होते.

गैरसमज ४ : क्रियापदाच्या रूपावरून काळ आपोआप कळतो.

रूप आणि काळ यांची जोडी बहुधा जुळते, परंतु नेहमी नाही. 'थांब, आलोच' यातील रूप भूतकाळाचे असून येणे अजून घडायचे असते, 'उद्या पुण्याला जातो' यात वर्तमानकाळाच्या रूपाने भविष्य सांगितले जाते, आणि इतिहासाचा लेखक १६६६ सालची घटना सांगताना 'महाराज आग्र्याहून निसटतात' असे वर्तमानकाळात लिहू शकतो. या तिन्ही ठिकाणी काळाचा निर्णय 'थांब', 'उद्या' आणि सन यांसारख्या सोबतच्या शब्दांवरून होतो.

आहे आणि असते यांच्यातील निवडही अशीच होते. 'या माठातले पाणी आज कोमट आहे' हे एका वेळचे वर्णन आहे, तर 'माठातले पाणी थंड असते' हे नेहमीच्या अनुभवाचे विधान आहे. म्हणून 'आज', 'आत्ता' अशा शब्दांनंतर सहसा 'आहे' आणि 'नेहमी', 'उन्हाळ्यात' अशा शब्दांनंतर सहसा 'असते' शोभते.

गैरसमज ५ : क्रियापदाचा अर्थ शब्दकोशात पाहिला की काम भागते.

शब्दकोश अर्थांची यादी देतो, त्यातला कोणता अर्थ घ्यायचा हे मात्र वाक्यच सांगते. 'लागणे' या एका क्रियापदाने भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, झाडाला फळे लागतात आणि थकलेल्या माणसाचा डोळा लागतो. ते सहायक म्हणून, म्हणजे दुसऱ्या क्रियेला जोडून आले तर 'मूल रडू लागले' यात आरंभ दाखवते आणि 'मला जावे लागले' यात नाइलाज दाखवते. हा फरक 'ऊ' आणि 'आवे' या प्रत्ययांनी होतो.

कधी रूपही तंतोतंत एकच असते. 'आई बाळाला चालवते' यातील क्रियापद प्रयोजक आहे, म्हणजे कर्ता दुसऱ्याकडून क्रिया करवून घेतो. 'आजोबांना आता काठीशिवाय चालवते' यातील क्रियापद शक्य आहे, म्हणजे ती क्रिया करण्याचे सामर्थ्य सांगणारे आहे. पहिल्या वाक्यात प्रत्यय नसलेली आई चालवणारी म्हणून हजर आहे, दुसऱ्या वाक्यात असे कोणीच नाही आणि चालणाऱ्यालाच 'ना' हा प्रत्यय लागला आहे, एवढ्या खुणेवर दोन्ही अर्थ वेगळे होतात.

या सर्व उदाहरणांवरून असे म्हणता येते की योग्य क्रियापद निवडताना आधी कर्म, मग प्रत्यय, त्यानंतर काळ सुचवणारे शब्द आणि शेवटी मागचेपुढचे वाक्य पाहणे हा भरवशाचा क्रम आहे. मात्र 'त्याने दार...' एवढाच प्रश्न दिला तर उघडले, लावले, ढकलले आणि वाजवले ही चारही उत्तरे बरोबर असतात. 'गार वारा आत येऊ लागला, म्हणून त्याने दार...' असे लिहिले की 'लावले' हेच उत्तर उरते. तेव्हा खुणा न देता एकाच उत्तराचा आग्रह धरला गेला, तर चूक विद्यार्थ्याची नसून प्रश्न काढणाऱ्याची आहे.